दोघांना मागे ठेवून या

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात केलेले भाषण)



आजच्या समारंभात चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली, तेव्हा प्रथम मी थोडा घाबरलो. या व्यासपीठावरून मोठमोठ्या विद्वानांची भाषणे झालेली आहेत. मी साधा शिक्षक. सकाळी वर्गात इतिहास शिकवतो आणि दुपारी चारनंतर मैदानावर शिट्टी घेऊन मुलांच्या मागे धावतो. तेव्हा इतिहास आणि मैदान या दोन्ही गोष्टी जिथे एकत्र येतात अशी एक खरी हकीकत आज आपल्यासमोर ठेवावी, असे मी ठरवले. हकीकत दूरदेशची आहे, अमेरिकेतली आहे. पण ऐकून झाल्यावर ती फार दूरची वाटणार नाही, अशी मला आशा आहे.

ही हकीकत आहे १९५१ सालच्या एका कॉलेजच्या फुटबॉल संघाची. कॉलेजचे नाव युनिव्हर्सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को. कॅलिफोर्निया राज्यातल्या सॅन फ्रान्सिस्को शहरात जेझुइट पाद्र्यांनी १८५५ साली ही संस्था सुरू केली. संस्था लहान, पैसा बेताचा. बाजूला मोठमोठी श्रीमंत विद्यापीठे. त्यांची मैदाने मोठी, प्रेक्षक मोठे, वर्तमानपत्रांत नावेही मोठी. या लहान कॉलेजचा संघ ‘डॉन्स’ या नावाने ओळखला जात असे, आणि तो आपले सामने शहराच्या केझार स्टेडियमवर खेळत असे.

पुढे जाण्यापूर्वी विद्यार्थी मित्रांसाठी एक खुलासा करतो. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपला फुटबॉल नव्हे. त्यांचा चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. तो हातात धरून पळायचे किंवा पुढे फेकायचा. मैदान शंभर यार्डांचे. एका बाजूला अकरा खेळाडू. चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढे सरकलात तर चेंडू तुमच्याकडे राहतो, नाहीतर समोरच्याकडे जातो. चेंडू घेऊन समोरच्या शेवटच्या रेषेपलीकडे पोहोचलात की ‘टचडाऊन’ झाला, म्हणजे सहा गुण मिळाले. आता लक्षात घ्या, चेंडू घेऊन पळणारा एकच असतो. बाकीचे दहाजण काय करतात? ते आपल्या अंगावर धक्के घेतात आणि त्याच्यासाठी वाट मोकळी करतात. टाळ्या पळणाऱ्याला मिळतात आणि मुका मार या दहाजणांना बसतो. या खेळात एकट्याचे काही चालत नाही. ही गोष्ट मनात ठेवा, ती पुढे कामाला येईल.

या संघाचे प्रशिक्षक होते जो कुहारिच. अतिशय कडक माणूस. सरावात दयामाया नाही. त्यांच्या हाताखालची मुलेही काही बड्या घरची नव्हती. जीनो मार्केटी हा इटलीहून आलेल्या आईबापांचा मुलगा. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात भरती होऊन युरोपच्या रणांगणावर लढून आलेला. बॉब सेंट क्लेअर हा सहा फूट नऊ इंच उंचीचा धिप्पाड गडी, याच शहरातला. एड ब्राऊन हा चेंडू फेकण्यात वाकबगार. आणि दोन निग्रो तरुण. मी निग्रो हा शब्द वापरला, कारण त्या काळी तोच शब्द चालत असे. आज तिकडे तो कोणी वापरत नाही, आपणही वापरू नये. कृष्णवर्णीय म्हणू या. या दोघांपैकी एकाचे नाव ऑली मॅटसन. जन्म टेक्सास राज्यातल्या ट्रिनिटी या गावचा. दुसरा बर्ल टोलर, टेनेसी राज्यातल्या मेम्फिस शहरचा. दोघेही दक्षिणेकडून कॅलिफोर्नियात आलेले. आधी शहरातल्या सिटी कॉलेजात दोघे एकत्र खेळले आणि मग या कॉलेजात आले.

दक्षिणेकडचे म्हणजे काय, हे थोडे समजावून सांगायला हवे. गुलामगिरी कायद्याने १८६५ साली संपली. पण त्यानंतर अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या शाळा वेगळ्या, आगगाडीचे डबे वेगळे, पाण्याचे नळसुद्धा वेगळे, अशी व्यवस्था कायद्यानेच केली गेली. शाळांमधील हा भेद घटनेविरुद्ध आहे असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली दिला, आणि सार्वजनिक ठिकाणचा भेद बंद करणारा कायदा १९६४ साली झाला. आपली हकीकत १९५१ ची आहे, म्हणजे या दोन्हींच्या आधीची. मैदानही त्यातून सुटले नव्हते. त्याच १९५१ च्या ऑक्टोबर महिन्यात ओक्लाहोमा राज्यात एका सामन्यात ड्रेक विद्यापीठाचा जॉनी ब्राइट हा कृष्णवर्णीय खेळाडू चेंडू दुसऱ्याला देऊन नुसता उभा होता. समोरच्या संघातल्या खेळाडूने त्याच्या तोंडावर असा प्रहार केला की त्याचा जबडा मोडला. एका वर्तमानपत्राच्या छायाचित्रकारांनी तो प्रसंग टिपला म्हणून तो जगाला कळला. ज्या विद्यापीठाच्या खेळाडूने हे केले त्या विद्यापीठाने दिलगिरी व्यक्त केली ती २००५ साली, चोपन्न वर्षांनी. असे ते दिवस होते.

आता आपल्या संघाकडे येऊ. आदल्या वर्षी, १९५० साली, या संघाने सात सामने जिंकले आणि चार गमावले होते. १९५१ चा मोसम सुरू झाला आणि पहिल्याच सामन्यात त्यांनी सॅन होझे स्टेटच्या संघाचा ३९-२ असा फडशा पाडला. पुढे आयडाहो विद्यापीठ हरले. लष्करी तळांचे संघ हरले. सॅन होझेवाले पुन्हा समोर आले, पुन्हा हरले. ऑक्टोबरात संघ देशाच्या दुसऱ्या टोकाला, न्यूयॉर्कला गेला. तिथे फोर्डहॅम विद्यापीठाशी गाठ होती. पूर्वेकडच्या वर्तमानपत्रांना पश्चिमेच्या या लहान कॉलेजचे नाव फारसे ठाऊक नव्हते. त्या सामन्यात मॅटसनने दोन वेळा समोरच्यांनी लाथाडलेला चेंडू आपल्या टोकाला झेलला आणि जवळजवळ सारे मैदान पार करून पलीकडे नेला. सामना अटीतटीचा झाला, पण ३२-२६ असा जिंकला. परत आल्यावर शेजारच्या सांता क्लारा कॉलेजवर मात केली. नोव्हेंबरात स्टॉकटन येथे कॉलेज ऑफ द पॅसिफिकशी सामना झाला. तो महत्त्वाचा, कारण पुढच्या मोठ्या स्पर्धांसाठी संघ निवडणाऱ्यांची नजर या सामन्यावर होती. तो ४७-१४ असा एकतर्फी जिंकला. शेवटचा सामना लोयोलाशी, तोही २०-२ असा खिशात घातला.

नऊ सामने, नऊ विजय. एकही पराभव नाही, एकही बरोबरी नाही. मॅटसनने त्या मोसमात चेंडू घेऊन १५६६ यार्ड धाव काढली. साऱ्या देशातल्या कॉलेज खेळाडूंत तो त्या वर्षी पहिला होता. त्याच्या नावावर २१ टचडाऊन होते.

अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचा मोसम संपला की नववर्षाच्या सुमारास काही खास सामने भरतात. त्यांना ‘बाऊल’ म्हणतात. वाडग्याच्या आकाराच्या स्टेडियमवरून हे नाव पडले. त्यांपैकी पासाडेनाचा रोझ बाऊल हा ठरावीक गटांतील विजेत्यांसाठी राखीव असे. उरले दक्षिणेकडचे मोठे सामने: मायामीचा ऑरेंज बाऊल, न्यू ऑर्लिन्सचा शुगर बाऊल, जॅक्सनव्हिलचा गेटर बाऊल. अशा सामन्याचे आमंत्रण म्हणजे मोठा मान. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पैसा. आणि या कॉलेजला पैशाची फार गरज होती. फुटबॉल संघ चालवण्याचा खर्च मोठा, उत्पन्न कमी. दरवर्षी तोटा वाढत होता. एका मोठ्या सामन्याचे उत्पन्न हाती आले असते तर संघ जगला असता.

मोसमाच्या अखेरीस निरोप आला. आमंत्रण मिळू शकेल, पण एक अट आहे. मॅटसन आणि टोलर या दोघांना मागे ठेवून या.

मित्रहो, क्षणभर या अटीचा विचार करा. संघाला या म्हणतात, पण ज्याच्या धावण्यामुळे संघ इथवर पोचला त्याला आणू नका म्हणतात. बाकीच्या तीसएक मुलांपुढे मायामीचा समुद्रकिनारा आहे, वर्तमानपत्रांत फोटो आहेत, पुढे धंदेवाईक संघांत घेणाऱ्यांच्या नजरेत भरण्याची संधी आहे. कॉलेजच्या तोट्याचा प्रश्न आहे. आणि हे सारे मिळवण्यासाठी करायचे काय? फार काही नाही. फक्त दोन नावे यादीतून खोडायची. तेही एकाच सामन्यापुरते.

प्रशिक्षक कुहारिच यांनी ही गोष्ट मुलांसमोर ठेवली. त्या संघातल्या खेळाडूंनी पुढे कित्येक वर्षे ही आठवण सांगितली, आणि सगळ्यांच्या सांगण्यात एक गोष्ट सारखी आहे. फार चर्चा झाली नाही. मुलांचे उत्तर होते: नाही. गेलो तर सगळे जाऊ, नाहीतर कोणीच जाणार नाही.

आणि कोणीच गेले नाही. १ जानेवारी १९५२ रोजी मायामीत ऑरेंज बाऊलचा सामना झाला. जॉर्जिया टेकने बेलरचा १७-१४ असा पराभव केला. दोन्ही संघ दक्षिणेकडचेच. सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाचे प्रतिस्पर्धी फारसे बलवान नव्हते म्हणून त्यांना बोलावले नाही, असेही कारण पुढे केले गेले. अन्यायाला कारण नेहमी सापडते. पण त्या दुबळ्या म्हटलेल्या संघाचे पुढे काय झाले ते मी आता सांगणारच आहे, त्यावरून आपणच काय ते ठरवावे.

प्रथम वाईट बातमी सांगतो. पैसा आला नाही. तोटा भरून निघाला नाही. मोसम संपताच कॉलेजने मोठ्या पातळीवरचा फुटबॉल बंद केला. नऊपैकी नऊ सामने जिंकणारा संघ घरी बसला. ज्यांचे शिक्षण एक वर्ष राहिले होते, त्यांतल्या बॉब सेंट क्लेअरला शेवटचे वर्ष खेळण्यासाठी दुसऱ्या विद्यापीठात जावे लागले. चांगले काम केले की लगेच चांगले फळ मिळते, असे मी तुम्हाला सांगणार नाही. शिक्षकाने मुलांना खोटे सांगू नये. त्या मुलांनी खरी किंमत मोजली, आणि ती मोजावी लागेल हे त्यांना माहीत होते.

आता पुढचे ऐका. मॅटसन त्याच १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकला गेला. ४०० मीटर धावण्यात त्याला कांस्यपदक मिळाले आणि ४ गुणिले ४०० मीटरच्या रिले शर्यतीत रौप्यपदक. हेलसिंकीचे नाव घेतले की आपल्याला आणखी एक नाव आठवले पाहिजे. त्याच ऑलिंपिकमध्ये, त्याच जुलै महिन्यात, कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांना पाठवायला पैसे नव्हते. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. एकीकडे दोन सवंगड्यांसाठी आपली संधी सोडणारे विद्यार्थी, दुसरीकडे एका विद्यार्थ्यासाठी घर गहाण टाकणारे प्राचार्य. दोघांची भाषा वेगळी, देश वेगळा. पण हिशेब करण्याची रीत एकच होती.

मॅटसन पुढे धंदेवाईक फुटबॉलमध्ये इतका मोठा झाला की १९५९ साली एका संघाने त्या एकट्याच्या बदल्यात नऊ खेळाडू दिले. १९७२ साली त्याला अमेरिकन फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या मालिकेत स्थान मिळाले. त्याच वर्षी जीनो मार्केटीलाही मिळाले. १९९० साली बॉब सेंट क्लेअरला मिळाले. एकाच कॉलेजच्या एकाच मोसमातल्या संघातले तीन खेळाडू या मालिकेत! याला दुबळा संघ म्हणायचे का? त्या संघाची प्रसिद्धी सांभाळणारा तरुण पीट रोझेल. तो १९६० साली सबंध राष्ट्रीय फुटबॉल लीगचा आयुक्त झाला आणि १९८९ पर्यंत त्या जागेवर राहिला.

पण मला आज सर्वांत जास्त बोलायचे आहे ते बर्ल टोलरबद्दल, कारण तो आपल्यापैकी आहे. आपल्यापैकी म्हणजे शिक्षक.

टोलरलाही धंदेवाईक संघाने निवडले होते. पण १९५२ च्या उन्हाळ्यात शिकागोला कॉलेजच्या निवडक खेळाडूंचा सामना झाला, त्यात त्याचा गुडघा निकामी झाला. खेळाडू म्हणून सारे संपले. चोवीस वर्षांचा तरुण, आयुष्यभर ज्याची तयारी केली ते दार एका क्षणात बंद. अशा वेळी माणूस खचतो. टोलर खचला नाही, कारण त्याच्याकडे आणखी एक गोष्ट होती. त्याने कॉलेजचे शिक्षण पुरे केले होते. तो सॅन फ्रान्सिस्कोच्या बेंजामिन फ्रँकलिन शाळेत शिक्षक झाला. गणित आणि शारीरिक शिक्षण हे त्याचे विषय. पुढे तो त्याच शाळेचा मुख्याध्यापक झाला. त्या शहराच्या माध्यमिक शाळांतला तो पहिला कृष्णवर्णीय मुख्याध्यापक.

मैदानही त्याने सोडले नाही. तो शनिवार-रविवारी पंच म्हणून काम करू लागला. १९६५ साली राष्ट्रीय फुटबॉल लीगने त्याला पंच नेमले. अमेरिकेतल्या कोणत्याही मोठ्या धंदेवाईक खेळातला तो पहिला कृष्णवर्णीय पंच. १९८० च्या जानेवारीत सुपर बाऊल, म्हणजे त्या देशातला सर्वांत मोठा सामना झाला, त्यात तो पंच होता. विचार करा मित्रहो. १९५१ साली ज्याला सांगितले होते की तू मैदानात पाऊल ठेवू नकोस, त्याच्या निर्णयावर आता तेच मैदान चालत होते. त्याचा इशारा झाला की गोरे-काळे सारे थांबत होते. हा माणूस आठवडाभर शाळेत मुलांची हजेरी घेई आणि रविवारी लाखो लोकांसमोर इन्साफ करी. सोमवारी पुन्हा शाळेत हजर. २००९ साली तो वारला. त्याआधी तीन वर्षे, २००६ साली, त्याच्या जुन्या शाळेच्या आवाराला त्याचे नाव देण्यात आले. ऑरेंज बाऊलची ढाल त्याला मिळाली नाही. पण माझ्यासारख्या शिक्षकाला विचाराल तर शाळेला नाव मिळणे हा त्याहून मोठा मान आहे.

आता, अध्यक्षसाहेबांची परवानगी घेऊन, मी माझी एक चूक आपल्यासमोर सांगणार आहे. दुसऱ्यांच्या मोठेपणाच्या गोष्टी सांगणे सोपे असते. पण ही हकीकत मी प्रथम वाचली तेव्हा मला रात्रभर झोप आली नाही, त्याचे कारण सांगितल्याशिवाय हे भाषण प्रामाणिक होणार नाही.

माझी नोकरी नवी होती. बी. एड. होऊन दुसरेच वर्ष. आंतरशालेय फुटबॉल स्पर्धेसाठी मी आमच्या मुलांना घेऊन तालुक्याच्या गावी गेलो. आपला साधा फुटबॉल, पायाने खेळायचा. आमच्या संघात एक मुलगा होता. वडील ट्रकवर, आई घरी शिलाईकाम करायची. त्याच्या पायात वारा होता. अनवाणी खेळायचा आणि कोणाला सापडायचा नाही. तिथे गेल्यावर संयोजकांनी सांगितले, बूट नसलेल्या खेळाडूला मैदानात सोडणार नाही. नियम वाईट नव्हता, पायाला इजा होऊ नये म्हणूनच असेल. दहा मुलांकडे कसेबसे बूट होते, कोणी मागून आणलेले, कोणी भावाचे. त्याच्याकडे नव्हते. माझ्या हातात अर्धा तास होता. मी दुसऱ्या शाळेच्या शिक्षकांकडे मागू शकलो असतो. सामना हरलेल्या संघातल्या एखाद्या मुलाचे बूट तासाभरासाठी मिळाले असते. काही नाही तर माझ्या खिशातून घेऊ शकलो असतो. मी काय केले? मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, “या वेळी तू बाहेर बस बाळा, पुढच्या वर्षी तुलाच पहिला घेऊ.” राखीव मुलाला आत घेतले. संघातल्या मुलांना मी काही विचारले नाही, आणि त्यांनीही काही म्हटले नाही. तो मुलगा सबंध दिवस सगळ्यांचे कपडे आणि पाण्याची कळशी सांभाळत बसला.

त्या स्पर्धेत आम्हाला दुसरे बक्षीस मिळाले. ती ढाल आजही ऑफिसच्या कपाटात आहे. आपण जाता-येता पाहिली असेल. मी मात्र तिच्याकडे पाहण्याचे टाळतो. कारण पुढच्या वर्षी तो मुलगा शाळेतच आला नाही. एका गॅरेजमध्ये कामाला लागला. केवळ त्या सामन्यामुळे त्याने शाळा सोडली असे मी म्हणत नाही. घरची परिस्थिती होतीच. पण शाळेत त्याला बांधून ठेवणारी एकच दोरी होती, मैदानाची. ती मी माझ्या हाताने सोडली.

गेल्या जूनमध्ये तो आपल्या मुलीला पहिलीत घालायला आला होता. मला पाहून अदबीने सलाम केला. जुन्या गोष्टीचा एक शब्दही काढला नाही. जाताना एवढेच म्हणाला, “सर, हिला बूट, गणवेश, जे काही लागेल त्याची यादी आत्ताच द्या. ऐनवेळी नको.” मी यादी लिहून दिली. माझा हात थरथरत होता.

म्हणून मला वाटते, त्या सॅन फ्रान्सिस्कोच्या मुलांची खरी परीक्षा नऊ सामन्यांत झाली नाही. ती त्या एका निरोपाच्या वेळी झाली. आणि एक गोष्ट ध्यानात घ्या. अशी अट कधी आरडाओरडा करून येत नाही. ती फार गोड भाषेत येते. फक्त या वेळेपुरते, असे ती म्हणते. नियमच आहे, आमचा इलाज नाही, असे म्हणते. बाकीच्या सगळ्यांचा फायदा बघा, असे म्हणते. आणि जो बाहेर राहतो तो बहुधा काही बोलत नाही, म्हणून बाकीच्यांना वाटते की त्याला काही वाटलेच नाही. टोलर आणि मॅटसन यांनी आम्हाला घेऊन चला, असा हट्ट धरला म्हणून संघ थांबला नाही. इतरांनी आपणहून नाही म्हटले. ज्याच्यावर अन्याय होतो त्याने एकट्याने ओरडावे आणि बाकीच्यांनी ऐकत राहावे, याला संघ म्हणत नाहीत. सुरुवातीला मी सांगितले होते, एकजण पळतो आणि दहाजण धक्के घेतात. मैदानावर मॅटसनसाठी ज्यांनी धक्के घेतले, त्यांनीच मैदानाबाहेरही घेतले. त्यांना ते वेगळे शिकवावे लागले नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या वर्गातही असे दोघे असतात. सहलीची वर्गणी ज्यांना देता येत नाही ते. ज्याची जीभ अडखळते म्हणून नाटकात कोणी घेत नाही तो. जी मुलगी उत्तम धावते, पण मुलींच्या शर्यतीसाठी मैदान शेवटी आणि वेळ उरला तरच मिळते, ती. त्यांना मागे ठेवून सहल काढता येते, नाटकही बसते, बक्षीससुद्धा मिळते. मी मिळवले आहे. पण ते कपाटात ठेवल्यावर तुम्हाला त्याच्याकडे बघता आले पाहिजे.

पालक बंधु-भगिनींनो, आपल्याला दोन विनंत्या आहेत. पहिली, मुलाला खेळू द्या, पण त्याची पुस्तके सोडवू नका. टोलरचा गुडघा एका दिवसात गेला, पदवी मात्र जन्मभर कामाला आली. दुसरी, मुलगा घरी येऊन सांगू लागला की अमक्याला संघात घेतले नाही म्हणून मीही खेळलो नाही, तर त्याला वेड्यात काढू नका. तुला काय करायचे, तुझे तू बघ, असे म्हणू नका. त्या दिवशी त्याचा सामना बुडाला असेल, पण आपल्या घरात एक माणूस तयार झाला आहे, असे समजा.

संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना आणि माझ्या सहकारी शिक्षकांना मी काय सांगावे? मी लहान माणूस आहे. एवढेच कळवतो की गेल्या वर्षीपासून क्रीडा विभागात आम्ही एक लाकडी पेटी ठेवली आहे. तिच्यात बुटांचे चौदा जोड आहेत. काही माजी विद्यार्थ्यांनी दिले, काही आम्ही शिक्षकांनी मिळून घेतले. जुने आहेत, पण शिवून, पॉलिश करून ठेवलेले आहेत. ज्याला हवेत त्याने घ्यावेत, कोणी नाव विचारणार नाही. ज्यांच्या घरी मुलांच्या पायाला आता न बसणारे बूट पडून असतील, त्यांनी ते जरूर आणून द्यावेत. लहान मापाचे अधिक लागतात. या वर्षी मुलींचा संघही जायचा आहे.

त्या सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाला कोणी ढाल दिली नाही. पन्नास-साठ वर्षांनी त्यांचे सत्कार झाले. तोवर निम्मे जग सोडून गेले होते आणि उरलेल्यांचे केस पांढरे झाले होते. पण त्यांच्यापैकी कोणालाही आपल्या त्या ‘नाही’चा पश्चात्ताप झाल्याचे माझ्या वाचनात आले नाही. मी मात्र माझ्या ‘बाहेर बस’चा पश्चात्ताप गेली बारा वर्षे करतो आहे. तुम्ही माझ्या वाटेने जाऊ नका, त्यांच्या वाटेने जा.

पारितोषिक मिळवणाऱ्या सर्व विद्यार्थ्यांचे अभिनंदन करतो, आणि ज्यांना आज काही मिळाले नाही त्यांना उद्या दुपारी चार वाजता मैदानावर येण्याचे आमंत्रण देऊन माझे भाषण संपवतो.

जयहिंद.